सेवेचेही माप आधी ठरावे
व्यापारी आणि मार्केटिंग एजन्सी यांच्यातील कामाच्या अटी

व्यापारी घरात वाढलेल्या मुलाला वजन, माप आणि भाव या गोष्टी फार लहानपणी समजू लागतात. ताग्यात कापड किती मीटर, पोत्याचे निव्वळ वजन किती, वाहतूक कोणाच्या खर्चाने, पैसे किती दिवसांनी द्यायचे, हे ठरल्याशिवाय सौदा झाला असे पेढीवर कोणी मानत नाही. परंतु त्याच पेढीचे मार्केटिंगचे काम एखाद्या एजन्सीकडे सोपवण्याची वेळ आली, की ही सावधगिरी बाजूला पडते. ‘महिन्याला २५ हजार घ्या आणि सगळे बघा,’ एवढ्या एका वाक्यावर वर्षभराचा व्यवहार उभा राहतो. त्या ‘सगळे’ या शब्दात व्यापाऱ्याने काय धरले आणि एजन्सीने काय धरले, हे दोघांनाही ठाऊक नसते. वांधा निर्माण होतो तो तेथेच.

याचे कारण उघड आहे. माल डोळ्यांना दिसतो, हाताने चाचपता येतो, काट्यावर ठेवता येतो. सेवा दिसत नाही. म्हणून मालापेक्षा सेवेच्या अटी अधिक तपशिलाने लिहिणे आवश्यक ठरते. प्रत्यक्षात मात्र नेमके उलट घडते. या प्रश्नाला आता घरगुती बाजूही आली आहे. काकांचे साड्यांचे दुकान आणि पुतणीची पुण्यात मार्केटिंग एजन्सी, असे चित्र जैन कुटुंबांत दुर्मीळ राहिलेले नाही. अशा वेळी अस्पष्ट व्यवहारामुळे पैशांबरोबर नातेही पणाला लागते.

जुन्या पद्धतीतील छापील माप

जाहिरात संस्थांशी व्यवहार करणे व्यापाऱ्यांना नवे नाही. १९०५ साली मुंबईच्या गिरगावात सुरू झालेली बी. दत्ताराम ही संस्था देशातील सर्वांत जुन्या जाहिरात संस्थांपैकी एक मानली जाते. वृत्तपत्रांच्या काळात या व्यवहाराला एक छापील माप होते. जागा स्तंभ-सेंटिमीटरमध्ये मोजली जाई, वृत्तपत्राचे दरपत्रक उपलब्ध असे आणि मान्यताप्राप्त संस्थेला वृत्तपत्राकडून १५ टक्के कमिशन मिळे. बिलासोबत छापून आलेल्या जाहिरातीचे कात्रण जोडले जाई. काय घेतले आणि किती पैसे दिले, हे व्यापाऱ्याला पट्टी लावून तपासता येत होते.

आजची एजन्सी केवळ जागा विकत घेऊन देत नाही. ती छायाचित्रे काढते, मजकूर लिहिते, रील बनवते, फेसबुक व इन्स्टाग्रामची पाने सांभाळते, गूगलवर जाहिराती चालवते, गिऱ्हाइकांच्या संदेशांना उत्तरेही देते. काम वाढले, पण माप हरवले. ते पुन्हा निर्माण करणे हाच लेखी अटींचा उद्देश आहे.

कामाची यादी आणि यादीबाहेरचे काम

पहिली अट कामाच्या मोजमापाची. महिन्याला किती चित्रे, किती रील, किती वेळा दुकानात येऊन चित्रण, कोणत्या माध्यमांवर प्रसिद्धी, हे आकड्यांत लिहावे. उदाहरणार्थ, महिन्याला १२ चित्रे, ४ रील, दुकानात १ दिवस चित्रण आणि महिनाअखेर १ अहवाल. प्रत्येक कामात किती वेळा दुरुस्ती करून मिळेल, हेही नमूद असावे. दोन दुरुस्त्या ठरलेल्या असतील, तर तिसरीला किती आकार पडेल, हे आधीच कळते.

यादीत काय नाही, हे लिहिणे तितकेच महत्त्वाचे. मुलीच्या लग्नाची पत्रिका, मंदिराच्या पंचकल्याणक महोत्सवाचा फलक, मेव्हण्याच्या नव्या दुकानाचे बोधचिन्ह अशी कामे ‘जाता जाता करून द्या’ म्हणून एजन्सीकडे येतात. एकेक काम लहान असते. वर्षभरात त्यांचा डोंगर होतो. एजन्सी भिडेखातर नकार देत नाही आणि मग ठरलेल्या कामाला उशीर होऊ लागतो. मालकाला वाटते पोरे आळशी आहेत. पोरांना वाटते मालक राबवून घेतो. अतिरिक्त कामाचा दर कागदावर असेल, तर दोन्ही तक्रारींना जागा उरत नाही.

सूचना कोणाच्या, हा प्रश्न एकत्र कुटुंबाच्या पेढीवर विशेष जाचक ठरतो. मोठ्या भावाने मान्य केलेले चित्र धाकट्याला पसंत पडत नाही. सूनबाई रंग बदलायला सांगतात. चिरंजीव नवी कल्पना पाठवतात. चौघांच्या चार सूचनांत काम पुढे सरकत नाही. म्हणून पेढीतर्फे मान्यता देणारी एकच व्यक्ती नावानिशी ठरवावी आणि तिने किती दिवसांत होकार किंवा नकार कळवावा, हेही ठरवावे. मान्यता उशिरा मिळाली तर काम तितकेच पुढे जाईल, ही अट एजन्सीने संकोच न करता लिहावी. दिवाळी, अक्षय्य तृतीया किंवा लग्नसराईची जाहिरात आदल्या दिवशी सांगून होत नसते.

जैन पेढीच्या काही खास अपेक्षा असतात. विक्रीच्या जाहिरातीत तीर्थंकरांची प्रतिमा वापरू नये, पर्युषण व दशलक्षण पर्वाच्या दिवसांत अमुक प्रकारच्या जाहिराती नकोत, फराळाच्या चित्रात कंदमुळे दिसू नयेत, अशा गोष्टी घरच्यांना सांगाव्या लागत नाहीत. एजन्सीतील तरुण मात्र कोणत्याही समाजाचा असू शकतो. न सांगितलेल्या मर्यादेचा भंग झाला म्हणून त्याच्यावर रागावणे योग्य नव्हे. या अपेक्षाही यादीत लिहाव्यात.

पैशांचे तीन कप्पे

बाजार समितीतील अडत्याची हिशेबपट्टी व्यापाऱ्यांच्या परिचयाची आहे. मालाची किंमत, हमाली, तोलाई हे सारे तीत वेगवेगळ्या रकान्यांत लिहिलेले असते. एजन्सीचे बिलही तसेच असावे. त्यात किमान तीन कप्पे हवेत : एजन्सीचे शुल्क, फेसबुक, गूगल यांना द्यायचा जाहिरात खर्च, आणि छायाचित्रकार, मॉडेल, छपाई यांसारखा बाहेरचा खर्च.

हे कप्पे मिसळले की गैरसमज अटळ असतो. ‘५० हजारांची जाहिरात करा’ असे व्यापारी सांगतो. त्यावर १८ टक्के जीएसटी आहे. कर त्या ५० हजारांतच धरायचा असेल, तर प्रत्यक्ष जाहिरातीसाठी सुमारे ४२,३७३ रुपये उरतात. कर वेगळा असेल, तर एकूण ५९ हजार द्यावे लागतात. हा ९ हजारांचा फरक बोलण्यात दिसत नाही, बिलात दिसतो. शुल्काचेही तसेच : २५ हजारांचे बिल करासह २९,५०० रुपयांचे होते. जीएसटी नोंदणी असलेल्या व्यापाऱ्याला नियमानुसार या कराची वजावट मिळू शकते, परंतु एजन्सीचे पैसे बिलाच्या तारखेपासून १८० दिवसांत दिले नाहीत, तर घेतलेली वजावट व्याजासह परत करावी लागते. उत्पन्नातून करकपात ज्यांना लागू आहे, त्यांनी बिलात जीएसटी वेगळा दाखवून घ्यावा. म्हणजे कपात मूळ रकमेवरच करता येते.

जाहिरात खर्च शक्यतो पेढीच्या स्वतःच्या खात्यातून किंवा कार्डातून थेट व्हावा. त्यामुळे त्या कंपनीचे बिल पेढीच्या नावाने व जीएसटी क्रमांकाने येते आणि किती पैसे कोठे खर्च झाले, हे कोणालाही न विचारता पाहता येते. एजन्सीने आपल्या खात्यातून खर्च करायचा असेल, तर रक्कम आगाऊ घ्यावी, तिचा हिशेब महिनाअखेर द्यावा आणि उरलेली रक्कम पुढे ओढायची की परत करायची, हे ठरवावे. एजन्सीला या खर्चावर टक्केवारी मिळणार असेल, तर तीही उघडपणे लिहावी. टक्केवारी घेण्यात काही गैर नाही. ती लपवणे गैर आहे.

पैसे देण्याची मुदत हा मोठ्या पेढ्यांचा दुर्लक्षित भाग आहे. मालाच्या व्यवहारात ९० दिवसांची उधारी चालते, म्हणून सेवेच्या बिलालाही तीच सवय लावली जाते. एजन्सी ‘उद्यम’ नोंदणी असलेला सूक्ष्म किंवा लघू उद्योग असेल, तर २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्यानुसार लेखी करार असल्यास ठरलेल्या मुदतीत, आणि ती कितीही ठरली तरी ४५ दिवसांच्या आत पैसे द्यावे लागतात. करार नसल्यास मुदत केवळ १५ दिवसांची असते. उशिरावर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढीने व्याज लागते. शिवाय २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून अशी मुदतीबाहेर थकलेली रक्कम प्रत्यक्ष दिल्याच्या वर्षातच आयकरासाठी खर्च म्हणून धरली जाते. म्हणजे लेखी करार नसणे हे येथे खुद्द व्यापाऱ्याच्याच तोट्याचे आहे.

किल्ल्या कोणाच्या हाती?

दुकान भाड्याने घेताना किल्ली कोणाकडे राहील, हे प्रत्येकजण विचारतो. संकेतस्थळ, फेसबुक पान, इन्स्टाग्राम खाते, गूगलवरील दुकानाची नोंद आणि जाहिरात खाते ही आजच्या दुकानाचीच दारे आहेत. ती पुष्कळदा एजन्सीतील एखाद्या कर्मचाऱ्याच्या वैयक्तिक ईमेलवरून उघडलेली असतात. तो नोकरी सोडून गेला, किंवा एजन्सीशी बिनसले, की वर्षानुवर्षे जमवलेली गिऱ्हाइके आणि त्यांचे अभिप्राय कुलपाआड जातात.

म्हणून सर्व खाती पेढीच्या ईमेलवर व मोबाईल क्रमांकावर उघडावीत. संकेतस्थळाच्या नावाची नोंदणी पेढीच्याच नावे असावी. एजन्सीला काम करण्यापुरता अधिकार द्यावा. मुख्य मालकी पेढीकडे ठेवावी. गूगलवरील दुकानाच्या नोंदीत मालक आणि व्यवस्थापक असे वेगळे अधिकार देता येतात, त्याचा उपयोग करावा. गिऱ्हाइकांच्या मोबाईल क्रमांकांची यादी एजन्सीला देताना तर विशेष दक्षता हवी. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानुसार माहिती दुसऱ्याकडून हाताळून घ्यायची असेल, तर त्यासाठी वैध करार आवश्यक मानला आहे आणि जबाबदारी मूळ पेढीवरच राहते.

तयार झालेल्या कामाच्या मालकीबाबतही गैरसमज आहे. ‘पैसे दिले म्हणजे बोधचिन्ह माझे’ असे व्यापारी धरून चालतो. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचा सर्वसाधारण नियम असा, की कृतीचा पहिला हक्क निर्मात्याचा असतो. मोबदला देऊन काढून घेतलेले छायाचित्र किंवा बनवून घेतलेला चित्रपट यांना त्यात अपवाद आहे. स्वतंत्र एजन्सीने लिहिलेला मजकूर किंवा केलेले बोधचिन्ह मात्र आपोआप पेढीचे होईलच असे नाही. हक्क हस्तांतरित करायचा तर तो लेखी आणि सहीनिशीच करावा लागतो. त्यात मुदत लिहिली नसेल तर ती ५ वर्षांची आणि प्रदेश लिहिला नसेल तर तो भारतापुरता मानला जातो. म्हणून ‘पूर्ण मोबदला मिळताच बोधचिन्ह, मजकूर व चित्रे यांचे सर्व हक्क कायमस्वरूपी आणि जगभरासाठी पेढीकडे जातील’ असे वाक्य करारात असावे. त्यात एजन्सीचाही बचाव आहे : मोबदला मिळेपर्यंत हक्क तिच्याकडे राहतो. रीलमध्ये परवानगीविना चित्रपटगीत किंवा दुसऱ्याचे छायाचित्र वापरले जाणार नाही, याची हमी एजन्सीने द्यावी. मालाविषयी दिलेली माहिती खरी आहे, याची हमी पेढीने द्यावी.

फळाची हमी नव्हे, कष्टाची हमी

‘विक्री किती वाढेल?’ हा प्रश्न स्वाभाविक आहे. परंतु विक्री ही मालाचा दर्जा, भाव, हंगाम, दुकानातील माणसांचे बोलणे अशा अनेक गोष्टींवर अवलंबून असते. एजन्सी गिऱ्हाइकाला दुकानाच्या दारापर्यंत आणू शकते. आत त्याला कसे वागवायचे, हे पेढीच्या हाती आहे. जी एजन्सी दुप्पट विक्रीची लेखी हमी देते, तिच्याविषयी सावध राहावे. जी एजन्सी कसलेच मोजमाप स्वीकारत नाही, तिच्याविषयीही तितकेच सावध राहावे. दुकानाविषयी किती चौकशा आल्या, किती फोन आले, एका चौकशीमागे किती खर्च पडला, हे मोजता येते. यांपैकी काय मोजायचे आणि अहवाल कोणत्या तारखेला द्यायचा, एवढे ठरवावे.

अनुयायांची संख्या फुगवणे आणि खोटे अभिप्राय लिहवून घेणे हा या क्षेत्राचा रोग आहे. भारतीय मानक ब्यूरोने ऑनलाइन अभिप्रायांसाठी २०२२ मध्ये आयएस १९००० हे मानक काढले, ते याच कारणाने. त्याच वर्षी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविषयी मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. ती माल विकणाऱ्या व्यापाऱ्याला लागू आहेत, तशीच जाहिरात संस्थेलाही लागू आहेत. पुरेसा साठा नसताना मोठ्या सवलतीचे आमिष दाखवणे त्यांत बसत नाही.

श्रावकाला हे कायद्याने शिकवण्याची गरज पडू नये. दिगंबर व श्वेतांबर दोन्ही परंपरांना मान्य असलेल्या तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात अणुव्रतांचे अतिचार सांगितले आहेत. आजच्या व्यवहाराला ते विलक्षण लागू पडतात. खोटा अभिप्राय किंवा फुगवलेला अहवाल हे कूटलेखाचे नवे रूप आहे. विकत घेतलेले अनुयायी खऱ्या गिऱ्हाइकांच्या जागी दाखवणे म्हणजे प्रतिरूपक व्यवहार. न्यासापहाराचा अर्थ तर फार सूक्ष्म आहे : ठेव ठेवणारा रक्कम विसरून कमी मागू लागला आणि ती सांभाळणाऱ्याने गप्प राहून तेवढीच परत केली, तरी तो दोष मानला आहे. जाहिरातीसाठी आगाऊ घेतलेल्या पैशांतील न वापरलेली रक्कम, पेढीचे पासवर्ड, गिऱ्हाइकांची यादी ही एजन्सीकडे असलेली ठेवच आहे. पेढीचे भाव आणि खरेदीची ठिकाणे प्रतिस्पर्ध्याला न सांगणे हेही त्याच मर्यादेत येते.

निरोपाची रीत

व्यवहार संपण्याची रीत तो सुरू होतानाच ठरवणे अनेकांना अपशकुन वाटते. वास्तविक मने प्रसन्न असतानाच ही अट न्याय्य लिहिली जाते. कोणत्याही पक्षाने ३० दिवसांची लेखी सूचना द्यावी. त्या काळात चालू काम पूर्ण व्हावे. पेढीने झालेल्या कामाचे पैसे द्यावेत. एजन्सीने सर्व खाती, मूळ फाइली व हिशेब सुपूर्द करावेत. पहिला करार तीन महिन्यांचा ठेवणे दोघांच्याही हिताचे असते. तेवढ्या काळात एकमेकांची रीत समजते.

मतभेद झालाच, तर तो कोणापुढे न्यायचा, हेही लिहावे. समाजातील ज्येष्ठाने मध्यस्थी करण्याची परंपरा चांगली आहे. परंतु लवादाचा निर्णय कायद्याने बंधनकारक व्हावा असे वाटत असेल, तर १९९६ च्या लवाद व सामंजस्य कायद्यानुसार तसा करार लेखीच असावा लागतो.

कागद किती मोठा असावा?

दोन पाने पुरतात. भाषा मराठी असली तरी चालते. दोघांना समजली पाहिजे. १८७२ चा भारतीय करार कायदा तोंडी करारालाही मान्यता देतो, मात्र तोंडी करार सिद्ध करणे कठीण जाते. ईमेलवर मान्य केलेल्या अटींनाही २००० च्या माहिती तंत्रज्ञान कायद्याचा आधार आहे. रक्कम मोठी असेल तर मुद्रांकाविषयी सल्लागाराला विचारावे, कारण महाराष्ट्र मुद्रांक कायद्यात जाहिरातीच्या करारांसाठी वेगळी तरतूद आहे. वर्षातून एकदा दोघांनी बसून हा कागद पुन्हा वाचावा. काम बदलले असेल तर अटी बदलाव्यात.

‘घरच्या माणसाशी कसला करार?’ हा आक्षेप सर्वांत आधी येतो आणि सर्वांत जास्त नुकसान तोच करतो. भीड भिकेची बहीण, असे उगाच म्हटलेले नाही. काकांकडे थकलेले तीन महिन्यांचे पैसे पुतणी मागू शकत नाही. काम पसंत नाही, हे काका तिला तोंडावर सांगू शकत नाहीत. मग दोघेही ते तिसऱ्याजवळ बोलतात आणि पुढच्या लग्नकार्यात एकमेकांची नजर चुकवतात. करार असेल, तर पैसे पुतणी मागत नाही, कागदावरची तारीख मागते. उणीव काका काढत नाहीत, ठरलेली यादी दाखवते. परक्याशी व्यवहार असेल तर करार पैशांचे रक्षण करतो. घरच्याशी असेल तर तो नात्याचेही रक्षण करतो.

संवत्सरीला किंवा क्षमावाणीच्या दिवशी हात जोडून क्षमा मागितली जाते, तेव्हा मनातील कटुता दूर होते. थकलेले बिल मात्र त्याने फिटत नाही. ते वेळेवर फेडलेले असेल आणि कामही बोलल्याप्रमाणे झालेले असेल, तर त्या दिवशीची क्षमायाचना दोघांनाही मोकळ्या मनाने करता येते. परिग्रहाचे परिमाण आधी ठरवून घेण्याची शिकवण ज्या घरांत पिढ्यान् पिढ्या चालत आली आहे, त्या घरांना व्यवहाराच्या मर्यादा दोन पानांवर आधी लिहून ठेवणे जड जाऊ नये.